निळ्या टिका आणि उसाचा फड

प्रश्न : मी अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर शिक्षिका आहे. पहिली ते चौथी मिळून ३१ मुलं. वरून सांगतात, ‘दीक्षा’ हे सरकारचं अभ्यासाचं ॲप वापरा, पालकांना पटवा. पालक म्हणतात, मोबाइल दिला की पोर बिघडतं. त्यांची मानसिकता कशी बदलू?
– एक शिक्षिका, जि. नंदुरबार

उत्तर : ताई, ‘मानसिकता’ हा प्रशिक्षणातला शब्द आधी बाजूला ठेवा. मीही तो पुष्कळ वापरलाय. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा मी बीड जिल्ह्यात होते. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप केला, रोज धडा पाठवायचा. एका पालकाच्या निळ्या टिका न चुकता यायच्या. मी खूश. दिवाळीनंतर त्या घरी गेले, तर आजी म्हणाली, “फोन बापापाशी, अन् बाप गेलाय कारखान्यावर. पोराला काय दाखवू?” माझे धडे तो बाप उसाच्या फडात बसून बघत होता!

तेव्हा पालकांकडे फोन मागूच नका. आणि त्यांची भीती खोटी नाही. मी स्वतः नातवाच्या हातातला फोन ओढून घेते, त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

तुमचा एकच फोन पुरे. तालुक्याच्या गावी, धडगावला, मीटिंगला जाल तेव्हा दोन-तीन व्हिडिओ डाउनलोड करून घ्या. ‘दीक्षा’वरचे उतरवलेले व्हिडिओ रेंजशिवाय चालतात. छोटा ब्लूटूथ स्पीकर मिळाला तर उत्तम. एका वेळी आठच मुलं बसवा, बाकीची पाटीवर लिहू देत. एवढ्याशा पडद्यावर ३१ जणांना फक्त पुढच्याचं डोकं दिसतं.

खरी अडचण मला पुढेच दिसते. व्हिडिओतली बाई पुस्तकी मराठी बोलते, तुमची मुलं घरात पावरी ही तिथली आदिवासी बोली बोलत असतील. म्हणून मिनिटभराने व्हिडिओ थांबवा. चौथीतल्या एखाद्या मुलीला धाकट्यांना पावरीत सांगू द्या, आणि तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. संध्याकाळी माणसं कामावरून परतली की पाड्यावर तेच लावा. आपल्या पोरीचा आवाज त्याच डबड्यातून आला, की बोलणं निराळ्या वळणावर जाईल. त्या वेळी भाषण करू नका, ऐकू द्या.

वर पाठवायच्या अहवालात मात्र ‘३१ पालक सहभागी’ असं लिहू नका. ‘एक फोन, आठ-आठचे गट’ असंच लिहा. आणि पॉवर बँक रात्रीच घरी भरून ठेवत जा. पावसाळ्यात शाळेतल्या लाइटवर मी कधी विसंबले नाही.