प्लास्टिक खाणारे जिवाणू सापडलेत, मग दुधाच्या पिशव्या त्यांच्यापुढे का टाकत नाहीत?

टाकल्या तरी ते तोंड लावणार नाहीत. पाण्याची बाटली आणि दुधाची पिशवी या दोघींना आपण प्लास्टिक म्हणतो खरं, पण त्यांची घडण अगदी वेगळी. बाटली पेट (PET, पॉलिइथिलिन टेरेफ्थॅलेट) या प्लास्टिकची, पिशवी पॉलिथिनची.

तुम्ही वाचलेला जिवाणू बहुधा इडिओनेला साकाइएन्सिस असावा. जपानच्या साकाई शहरात, पेट बाटल्यांच्या रिसायकलिंग कारखान्याजवळ तो सापडला आणि २०१६ साली त्याचा शोधनिबंध आला. पेटची पातळ फिल्म संपवायला त्याला ३० अंशांवर सुमारे सहा आठवडे लागले. कारखाना या वेगाने चालत नाही.

खरी गंमत झाडाच्या पानात आहे. पानावर क्युटिनचा थर असतो आणि त्यातले रेणू एस्टर बंधांनी, म्हणजे पाण्याच्या मदतीने तोडता येणाऱ्या सांध्यांनी, जोडलेले असतात. पेटमध्येही टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलिन ग्लायकॉल यांना जोडणारे बंध एस्टरचेच. पानं कुजवणारे जीव हे बंध युगानुयुगं तोडत आलेत. म्हणून पालापाचोळ्याच्या खतातून मिळालेलं एक एन्झाइम (असे बंध तोडणारं प्रथिन) पेटलाही लागू पडलं. फ्रान्समधल्या कार्बिओस कंपनीने आणि तुलूझच्या संशोधकांनी त्यात बदल केले. २०२० मध्ये त्यांनी दाखवलं, की ७२ अंशांवर, १० तासांत, किमान ९० टक्के पेट मूळ घटकांत सुटं होतं. पॉलिथिनच्या साखळीत नुसते कार्बन-कार्बन बंध. पाण्याच्या मदतीने तोडायला तिथे एस्टरचा सांधाच नाही.

मी पेटच्या फ्लेक्सची, म्हणजे बाटल्यांच्या बारीक तुकड्यांची, क्वालिटी बघतो, त्यामुळे या तंत्राचं मला कौतुक आहे, पण आंधळं नाही. बाटलीचं पेट बरंच स्फटिकी असतं, म्हणजे त्यातले रेणू घट्ट रचलेले असतात. आधी ते वितळवून झटकन गार करावं लागतं, मग दळावं लागतं, तेव्हा कुठे एन्झाइम आत शिरतं. विजेचं बिल तिथेच चढतं. शिवाय सुटणाऱ्या आम्लाला आवरायला कॉस्टिक सोडा घालत राहायचा, मग शेवटी क्षारांचा ढीग. ‘हरित’ म्हणताना हा ढीगही मोजायला हवा.

पारदर्शक, स्वच्छ बाटलीसाठी एवढा खटाटोप कशाला? धुऊन, वितळवून तिचं काम छान होतं. एन्झाइमचा उपयोग रंगीत बाटल्या, ट्रे, पॉलिस्टरचे कपडे यांना. आमच्याकडे एकदा बाटलीवरच्या पीव्हीसी (वेगळ्या जातीचं प्लास्टिक) लेबलचे तुकडे फ्लेक्समध्ये राहिले आणि अख्खी बॅच पिवळी पडली. एन्झाइम पीव्हीसीकडे ढुंकूनही बघत नाही. पीव्हीसी मागे उरतं आणि गाळून काढता येतं.

चिप्सचं पाकीट मात्र सगळ्यांत खट्याळ: प्लास्टिकचे थर, मध्ये ॲल्युमिनियमची झिलई, वर छपाई. अशा बहुथरी फिल्मसाठी अमेरिकेत विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाने एकेक थर वेगवेगळ्या द्रावकात विरघळवून काढायची पद्धत २०२० मध्ये मांडली. द्रावक परत मिळवून पुन्हा वापरायचं. माझ्या मते त्याहून शहाणपणाचं म्हणजे पाकीटच एका जातीच्या प्लास्टिकचं करणं.

तुमच्या दुधाच्या पिशवीला यातलं काहीच नको. ती बहुतांशी एकाच जातीची असते, भंगारवाला घेतो. फक्त कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो चिमुकला तुकडा कुणीच वेचत नाही. आणि विसळून वाळवून द्या. नासलेल्या दुधाचा वास गोदामात आठवडाभर राहतो.