पान पिवळं होताना जनुकं बघायची तर

पान पिवळं पडणं म्हणजे कुजणं नव्हे, ती शिस्तीत चाललेली आवराआवर असते. हरितलवकं आधी मोडतात, पेशीकेंद्रक बऱ्यापैकी शेवटपर्यंत टिकतं. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या छोट्या रोपात यामागे ओआरई१ हे जनुक. कोवळ्या पानात मायक्रोआरएनए-१६४ हा आरएनएचा छोटा तुकडा त्याचा संदेश कापून टाकतो. वय वाढतं तसा ईआयएन२ या दुसऱ्या जनुकामुळे हा पहारेकरी कमी होतो, ओआरई१ मोकळं सुटतं आणि डीएनए तोडणाऱ्या बीएफएन१ जनुकाला चालू करतं.

आता कामाचं, म्हणजे प्रयोगाचं. चौथं पान फुटतानाच देठाला रंगीत दोरा बांध. वय तिथून मोज, बी पेरल्यापासून नाही. पानं रोज एकाच वेळी तोड, ओआरई१ दिवसाच्या घड्याळावरही चालतं. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे रोपं २२ अंशांच्या खोलीतच ठेव. नाहीतर उन्हाळ्याचं पिवळेपण वयाचं समजून बसशील! पानं तोडून अंधारात पिवळी करणं सोपं, पण तिथली जनुकं पूर्णपणे तीच नसतात.

टोक जेमतेम पिवळं झालं की पान लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाक. पूर्ण पिवळ्या पानात जनुकांचा संदेश वाहणारा आरएनए तुटलेला मिळतो. हरितद्रव्यासाठी शेजारच्या रोपाचं त्याच वयाचं पान ८० टक्के ॲसिटोनमध्ये रात्रभर अंधारात ठेव, मग ६४५ आणि ६६३ नॅनोमीटरवर त्या द्रावाचं प्रकाशशोषण वाच.