वाचकांचे प्रश्न : शिवारात एकच वाण किती काळ?

प्रश्न : आमच्या गावात गेली अनेक वर्षे बहुतेक सगळा ऊस को ८६०३२ आहे. साखर उतारा चांगला, खोडवाही (तोडणीनंतर त्याच बुंध्यांतून फुटणारे पीक) चांगला येतो आणि कारखाना हा वाण आनंदाने घेतो. अलीकडे एका शेतकरी मेळाव्यात ‘एकाच वाणावर अवलंबून राहू नका’ असे सांगण्यात आले. चांगले चाललेले मोडून नवे का धरावे?
– एक ऊस उत्पादक, कागल तालुका

उत्तर : चांगले चाललेले मोडू नये, हे आपले म्हणणे मला मान्य आहे. पाडेगावच्या मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने १९९६ मध्ये ‘नीरा’ या नावाने प्रसारित केलेल्या को ८६०३२ ने दक्षिण महाराष्ट्रातील ऊसशेतीला जे स्थैर्य दिले, ते क्वचितच दुसऱ्या एखाद्या वाणाने दिले असेल. धोका या वाणाच्या गुणांमध्ये नाही. सगळ्या शिवारात तो एकटाच उभा आहे, यामध्ये आहे.

ऊस आपण बियांपासून लावत नाही, कांडीपासून लावतो. त्यामुळे कागलमधील आपल्या फडातला ऊस आणि पलीकडे शिरोळमधील फडातला त्याच वाणाचा ऊस यांची आनुवंशिक घडण जवळजवळ तंतोतंत सारखी असते. एखाद्या बुरशीचा नवा प्रकार या घडणीला भेदणारा निघाला, तर एका फडाचे दार उघडणारी किल्ली हजारो हेक्टरची दारे उघडते. हे केवळ अनुमान नाही. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेच्या कर्नाल केंद्रात तयार झालेला आणि २००९ मध्ये प्रसारित झालेला को ०२३८ हा वाण उत्तर प्रदेशात इतका यशस्वी ठरला, की त्या राज्यातील ८० टक्क्यांहून अधिक ऊसक्षेत्र त्याच्याखाली गेले. पुढे त्याच वाणावर लाल कूज हा बुरशीजन्य रोग पसरला आणि शेतकऱ्यांना व कारखान्यांना घाईघाईने दुसरे वाण शोधावे लागले. वाण उत्कृष्टच होता, म्हणूनच तो सर्वत्र गेला आणि सर्वत्र गेल्यामुळेच नुकसान एवढे मोठे झाले. आपल्या कोरड्या हवामानात लाल कुजीचा जोर उत्तरेइतका नसतो, तरी हा रोग बेण्यातून (लागणीच्या कांड्यांतून) आणि वाहत्या पाण्यातून पसरतो. २०१९ आणि २०२१ चे महापूर पंचगंगाकाठच्या लोकांनी पाहिले आहेत. पुरात बुडालेल्या फडाचे बेणे घेऊ नये, असे मी प्रत्येक वेळी आग्रहाने सांगतो, त्याचे एक कारण हेही आहे.

अशी वेळ आली तर नवा वाण लगेच मिळेल, असे अनेकांना वाटते. ऊसात तसे होत नाही. आपल्या पठारावर ऊसाला तुरा आला, तरी संकरासाठी उपयोगी पडेल असा फुलोरा मिळणे कठीण असते. म्हणून देशातील बहुतेक संकर कोइमतूरला होतात आणि महाराष्ट्रासाठी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने आंबोलीला पैदास केंद्र चालवले आहे. संकरातून मिळालेल्या हजारो रोपांतून वर्षानुवर्षे निवड करत, वेगवेगळ्या जमिनींत आणि हंगामांत चाचण्या घेत एखादा वाण शेतकऱ्यापर्यंत पोहोचायला दहा-बारा वर्षे सहज लागतात. ही निवड ज्या साठ्यातून होते, तो साठा मुळात रानटी नातलगांचा आहे. १९१२ मध्ये स्थापन झालेल्या कोइमतूरच्या केंद्रात बार्बर आणि वेंकटरामन यांनी गोड, जाड ऊसाचा संकर एका रानटी, काटक गवताशी केला. त्यातून को २०५ हा वाण निघाला आणि तो १९१८ मध्ये शेतात आला. गोडी एका बाजूने आली आणि काटकपणा, फुटवे व खोडव्याची ताकद दुसऱ्या बाजूने. हाच मार्ग पुढच्या शतकभरातील वाणांचा पाया ठरला. केरळमधील कण्णूर येथे ऊसाच्या जगभरातील प्रकारांचा संग्रह जिवंत ठेवला जातो, तो याच कारणासाठी. तेथे बी थंड खोलीत ठेवून भागत नाही. प्रत्येक प्रकार पुन्हा पुन्हा शेतात लावून जपावा लागतो.

आता आपण काय करावे? सर्व क्षेत्र एकदम बदलू नये. माझ्या मते एक तृतीयांश क्षेत्रावर दुसरा वाण घेऊन, लागण आणि निदान एक खोडवा असा अनुभव पाहावा. जमीन भारी किंवा थोडी क्षारपड असेल तर फुले २६५ (२००७) हा पर्याय आहेच. त्याशिवाय फुले १०००१ आणि व्हीएसआय ०८००५ यांची माहिती कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्रातून घ्यावी. विचारताना एक प्रश्न अवश्य करावा : या वाणाचे पालक कोण? कारण ८६०३२ चा उपयोग पुढे अनेक संकरांत पालक म्हणून झालेला आहे आणि नाव वेगळे असले म्हणून रक्त वेगळे असतेच असे नाही. कारखान्याच्या शेती विभागाशी आधी बोलून घ्यावे. परिपक्वतेचा काळ वेगळा असलेला वाण तोडणीच्या कार्यक्रमात बसला नाही, तर शेतकऱ्याचेच नुकसान होते. हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याने सोडवण्यासारखा नाही. कारखान्यांनी आपल्या कार्यक्षेत्रात एका वाणाचे प्रमाण ठरावीक मर्यादेच्या आत ठेवण्याचे धोरण जाहीर केले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

दुसरी गोष्ट बेण्याची. ‘८६०३२ आता खचला’ अशी तक्रार ऐकू येते. त्यात अनेकदा वाणाचा दोष नसतो. वर्षानुवर्षे घरचेच किंवा खोडव्याचे बेणे वापरल्याने गवताळ वाढ, खोडव्याची खुजी वाढ आणि काणी हे रोग कांडीबरोबर पुढे जात राहतात आणि टनेज हळूहळू घटते. ५४ अंश सेल्सिअस तापमानाच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास प्रक्रिया केलेल्या मूलभूत बेण्यापासून वाढवलेल्या बेणेमळ्यातील, नऊ ते अकरा महिन्यांचे बेणे दर तीन वर्षांनी बदलून घेतले, तर त्याच वाणाचे उत्पादन पुष्कळ सावरते.

तिसरी गोष्ट बहुतेकजण विसरतात. विविधता म्हणजे फक्त वाणांची विविधता नव्हे. २००२ मध्ये सांगली भागातून लोकरी मावा हा रस शोषणारा कीटक पसरला, तेव्हा फवारण्यांनी तो आटोक्यात येईना. शेवटी तो आवरला डिफा आणि मायक्रोमस या त्याच्या नैसर्गिक शत्रूंनी, आणि जेथे औषधांचा मारा थांबला तेथे ते टिकले. पाचट न जाळता सरीत ठेवणे, पूर्वहंगामी ऊसात हरभरा किंवा सुरू ऊसात (जानेवारी-फेब्रुवारीच्या लागणीत) भुईमूग यांसारखे आंतरपीक घेणे, खोडवा संपल्यावर ताग किंवा धैंचा ही हिरवळीची पिके गाडणे, आणि कधीतरी ऊसाला रजा देऊन त्या शेतात सोयाबीन घेणे, या गोष्टी जमिनीतील आणि शेतातील जीवसृष्टी राखतात. उष्ण हवामानात सेंद्रिय पदार्थ झपाट्याने कुजून संपतात, त्यामुळे आपल्याला त्यांची भर समशीतोष्ण देशांपेक्षा अधिक वेळा घालावी लागते.

प्रश्न : आमच्याकडे दोन एकरांवर घनसाळ हा सुगंधी देशी भात आहे. तो उंच वाढतो, लोळतो, उत्पादन कमी येते. मुलगा म्हणतो, संकरित भात लावू. घनसाळचे बी शास्त्रज्ञांनी साठवून ठेवले आहेच. त्याचे म्हणणे बरोबर आहे का?
– एक वाचक, आजरा

उत्तर : बी साठवलेले असणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या बीजकोशात उणे १८ अंशांना ठेवलेले बी अनेक दशके टिकते, परंतु ते ज्या वर्षी ठेवले त्याच वर्षात थांबलेले असते. आपल्या शेतातले बी दर पावसाळ्यात नव्या रोगांना, नव्या किडींना आणि बदलत्या पावसाला सामोरे जात असते आणि आपण त्यातून निवड करत असता. दोन्ही गोष्टी लागतात.

एखाद्या जुन्या बियाचा उपयोग केव्हा होईल, हे आधी सांगता येत नाही. १९७० च्या दशकात आशियातील भातावर ग्रासी स्टंट नावाचा विषाणू पसरला, तेव्हा फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या एका रानटी भाताच्या नमुन्यात. ती आयआर ३६ (१९७६) या वाणात आली आणि तो वाण जगात एक कोटीहून अधिक हेक्टरवर लावला गेला. त्या रानटी भाताला कोणी बाजारात विचारले नसते.

तरीही देशाच्या भल्यासाठी आपण तोटा सोसावा, असे मी म्हणणार नाही. आजरा घनसाळला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्या नावाने थेट ग्राहकाला तांदूळ विकून मिळणारा दर हाच या भाताचा खरा आधार आहे. शेतात नत्र बेताने द्यावे; उंच भात जास्त नत्राने हमखास लोळतो. दाणा भरताना रात्री थंड असतील तर सुगंध चांगला टिकतो, म्हणून फार लवकरची लावण टाळावी. कापणीपूर्वी शेतातून सारख्या उंचीच्या, एकाच वेळी पक्व झालेल्या, निरोगी रोपांच्या लोंब्या वेगळ्या काढून पुढच्या वर्षाचे बी त्यांतूनच धरावे. आजऱ्यात घनसाळच्या नावाखाली भेसळ बी बरेच फिरते आणि मानांकनाचे सर्वांत मोठे नुकसान त्यानेच होते. मुलाला संकरित भात लावायचा असेल तर एक एकर त्याला द्यावे. एका एकरातले घनसाळ शुद्ध असेल, तर ते दोन एकरांतल्या मिसळलेल्या घनसाळपेक्षा मोलाचे आहे.

प्रश्न : घरची नाचणी बी म्हणून शेजाऱ्यांना दिली तर कायद्याने गुन्हा होतो का?
– एक वाचक, राधानगरी

उत्तर : होत नाही. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ नुसार शेतकरी आपल्या शेतातील बी ठेवू शकतो, पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो आणि विकूही शकतो. संरक्षित वाणाचे बी ब्रँडच्या वेष्टनात आणि नावाने विकण्यास मात्र मनाई आहे. कोल्हापूरच्या संशोधन केंद्रातून आलेल्या फुले नाचणी आणि फुले कासारी या वाणांचे बीही आपण घरी धरू शकता, कारण नाचणीत परागीभवन मुख्यतः स्वतःच्याच फुलात होते आणि वाण बराच काळ शुद्ध राहतो. कणसे पूर्ण वाळवून मळावीत, बी हवाबंद डब्यात ठेवावे आणि देताना त्यावर वाणाचे नाव व वर्ष लिहून द्यावे.