बेचाळीस खून करून वकील झालेला डाकू खरा का?

प्रश्न : सर नमस्कार. माझं पोरगं लातूरला क्लासला हाय. त्याच्या सरांनी वर्गात सांगितलं म्हणे, अमेरिकेत एक डाकू होता, ४२ माणसं मारली, जेलात गेला, तिथं अभ्यास करून वकील झाला. पोरगं लै भारावलंय, फोनवर तेच तेच सांगायलंय. हे खरं हाय का व्हॉट्सअ‍ॅपवरचं काहीतरी? अन् जेलात बसून वकिली शिकता येते कशी? - एक वाचक, गंगाखेड

उत्तर : खरंय. फक्त सरांनी गोष्ट सनदेपाशी थांबवली, आणि खरी गोष्ट तर तिथून पुढंच आहे.

माणसाचं नाव जॉन वेस्ली हार्डिन, जन्म १८५३, टेक्सास. बाप मेथडिस्ट पंथाचा धर्मोपदेशक, त्या पंथाच्या संस्थापकाचंच नाव पोराला ठेवलेलं. म्हणजे अडाणी घरातला नव्हता बरं का, बाप शाळा चालवायचा आणि पोरगं तिथंच शिकलं. तरी १५ व्या वर्षी पहिला खून, तोही नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या एका काळ्या माणसाचा. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण राज्यांमधलं यादवी युद्ध हरलेल्या टेक्सासात गोऱ्यांना त्याचं फारसं काही वाटत नव्हतं, उलट असल्या पोराला लपवायला घरंच्या घरं तयार. माझ्या मते हार्डिन घडला तो इथं. ४२ च्या आकड्यावर मात्र जाऊ नका, चाळीसच्या वर ही त्याची स्वतःची फुशारकी, कागदोपत्री सिद्ध होणारे खून बरेच कमी आहेत. कमी म्हणजे काही थोडे नव्हेत म्हणा.

१८७४ मध्ये, नेमका २१ व्या वाढदिवशी, त्यानं कोमांची गावात चार्ल्स वेब नावाच्या डेप्युटी शेरीफला मारलं (शेरीफ म्हणजे तिथला निवडून आलेला पोलीसप्रमुख, डेप्युटी त्याच्या हाताखालचा). जमाव खवळला, हार्डिन पळाला आणि जमावानं फासावर लटकवलं त्याच्या थोरल्या भावाला. तो भाऊ वकील होता! ४००० डॉलरचं बक्षीस लागलं, १८७७ मध्ये फ्लोरिडात रेल्वेत पकडला, पिस्तूल काढायला गेला तर ते पँट धरून ठेवणाऱ्या खांद्यावरच्या पट्ट्यांत (सस्पेंडर्समध्ये) अडकलं. शिक्षा २५ वर्षं, हंट्सव्हिलचा तुरुंग.

तिथं गेल्या गेल्या पुस्तक हातात घेतलं असं समजू नका. आधी पळायचे प्रयत्न, मग चाबकाचे फटके, परत प्रयत्न. ते सगळं थकल्यावर वाचायला लागला, आधी धर्माची पुस्तकं, तुरुंगातल्या रविवारच्या बायबल शाळेचा प्रमुख झाला, कैद्यांच्या वादविवाद मंडळाचा अध्यक्ष झाला, मग कायदा. आता तुमचा दुसरा प्रश्न. तेव्हा टेक्सासात वकिलीला सीईटी नाही का कॉलेज नाही, स्वतः पुस्तकं वाचायची, मग कोर्टानं नेमलेले दोन-चार वकील तोंडी परीक्षा घेणार, त्यांना पटलं की लायसन्स. अडचण एकच, शिक्षा झालेल्याचे नागरिकत्वाचे हक्क गेलेले असतात. फेब्रुवारी १८९४ मध्ये तो सुटला, मार्चमध्ये गव्हर्नर हॉगनं पूर्ण माफी दिली, हक्क परत मिळाले आणि त्याच वर्षी सनद हातात.

पण बायको जेन, जिला तो आतून पत्रं लिहायचा, ती १८९२ मध्येच वारलेली. तीन लेकरं बापाविना मोठी झालेली. गोन्झालेस गावात त्यांच्याजवळ राहिला, आणि लगेच शेरीफच्या निवडणुकीत जुन्या वैऱ्याच्या विरोधातल्या उमेदवारासाठी उतरला, तो उमेदवार पडला, हा गाव सोडून गेला. (निवडणुकीतलं वैर काय असतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको.) १८९५ मध्ये टेक्सासातल्याच एल पासो शहरात एका नातेवाइकाच्या खटल्यासाठी गेला आणि तिथंच ऑफिस थाटलं. अशील फारसे येईनात, दारू आणि जुगार मात्र रोज, त्यात एका अशिलाच्याच बायकोशी भानगड. १९ ऑगस्ट १८९५ च्या रात्री सलूनमध्ये, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, फासे खेळत असताना जॉन सेलमन नावाच्या कॉन्स्टेबलनं मागून डोक्यात गोळी घातली. वय ४२. बाहेर येऊन दीड वर्षच झालं होतं.

मग शिक्षण वाया गेलं का? मला तसं वाटत नाही. आतमध्ये वेळापत्रक होतं, ऐकणारी माणसं होती, मंडळाचं अध्यक्षपद होतं, तिथं तो अभ्यासामुळं खरोखर वेगळा वागला. बाहेर आल्यावर त्याला वकील म्हणून कुणी ओळखेना, सगळ्यांना पिस्तूलवालाच पाहिजे होता, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते आवडत होतं. आपल्याकडंही कारागृहांतून कैदी मुक्त विद्यापीठाच्या परीक्षा देतात, पैठणच्या खुल्या कारागृहात शेतीत राबतात. ही माणसं सुटून गावी आली की त्यांना काम कोण देतं, हे कधी तुमच्याच तालुक्यात विचारून बघा.

पोराला पुढच्या फोनवर एल पासोपर्यंतची सगळी गोष्ट सांगा. बोअर होणार नाही, सरांनी सांगितली त्यापेक्षा ही जास्त रंगते.