वजन जास्त असेल तर कुस्ती-ज्युदोमध्ये गुडघे लवकर जातात का? माझं वजन 95, उंची 5 फूट 6 इंच, पायऱ्या उतरताना गुडघा दुखतो. आधी वजन उतरवू का?

जातात. आता हे मी कशावरून म्हणतोय ते सांगतो.

मी कोल्हापूरला तालमीत होतो, 74 च्या गटात बरा खेळायचो. पण आमचे तात्या म्हणजे धाकटे चुलते, त्यांच्या डोक्यात एकच, पोराला महाराष्ट्र केसरीला उतरवायचं. किताबाचा गट 86 ते 125 किलो. मग काय, खुराक सुरू. म्हशीचं दूध, तूप, बदामाची थंडाई, अंडी, आठवड्यातून तीनदा मटण, आणि वर तात्यांचं पालुपद, "वजन नाही तो पैलवान कसला". आठ महिन्यांत 75 चा 89 झालो. गावात लोक वळून बघायचे, मलाही भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू.

बैठका मात्र तेवढ्याच, रोज 500. चौदा किलो जास्त घेऊन त्याच गुडघ्यांवर. सकाळी उठलं की गुडघा आखडलेला असायचा, तात्या म्हणायचे मेहनत अंगाला लागतेय. अंगाला लागत होतीच, पण मांस चार-सहा महिन्यांत वाढतं, लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधणारे पट्टे) आणि कंडरा (मांस हाडाला जोडणारे) त्या वेगाने तयार होत नाहीत, त्यांना बराच जास्त वेळ लागतो. हे मला नंतर फिजिओने सांगितलं, तालमीत कोण सांगणार.

मग एका जत्रेच्या मैदानात माझी जोड लावली शंभरच्या वरच्या गड्याशी. मी पट काढायला, म्हणजे त्याचा पाय धरून पाडायला, खाली घुसलो, त्याने वरून सगळं अंग टाकलं, माझा पाय मातीत रुतलेला तसाच राहिला आणि गुडघा आत वळला. हलगीच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही, मला आलं. पुढचे तीन आठवडे तेल चोळण्यात घालवले (हे अजिबात करू नका, सूज आली की सरळ ऑर्थोपेडिककडे जा), मग एमआरआय, एसीएल (गुडघ्याच्या आतलं एक मुख्य लिगामेंट) तुटलेलं, मेनिस्कस (गुडघ्यातली कुर्चेची चकती) फाटलेला. ऑपरेशन झालं. परत मैदानात उतरलो नाही.

तात्या आजपण लग्नाकार्यात चारचौघांत सांगतात, वजनाचा काही संबंध नाही, पोराने पाय चुकीचा टाकला. तात्या, टाकला चुकीचा. पण 75 ला तोच पाय मी शंभरदा चुकवला असेल आणि दरवेळी माती झटकून उठलो होतो. चूक तीच होती, वर बसणारी किंमत बदलली.

आणि माणसं फक्त स्वतःचं वजन धरतात. कुस्तीत समोरच्याचं वजनपण तुझ्याच गुडघ्यावर येतं. तू जड म्हणजे तुला जोडीदारपण जडच मिळणार. म्हणून जिममधला 95 किलोचा माणूस आणि आखाड्यातला 95 किलोचा, दोघांचा हिशोब एक नाही. कुस्तीच्या गादीवर (मॅटवर) अजून वेगळं, तिथे बूट पकडून ठेवतो, मातीत पाय थोडा तरी सरकतो, असा माझा अनुभव.

वजन उतरवू का म्हणशील तर हो, थोडं उतरव. एका अभ्यासात 1 किलो उतरलं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने कमी होतो असं दिसलं होतं, पण तो गुडघ्याचा संधिवात असलेल्या जाड, वयस्कर लोकांवरचा होता, पैलवानांवरचा नाही. तरी अंदाज येतो. फक्त उपाशी राहून, घाम काढून उतरवू नकोस, ते स्पर्धेच्या वजनाचं नाटक आहे, त्याने गुडघ्याला काही मिळत नाही.

आता हेही सांगायला पाहिजे, हलका म्हणजे सुरक्षित असं नाही. विनेश फोगाट 2016 ला रिओत 48 किलोच्या गटात खेळत होती, तरी गुडघाच गेला. आणि अंगानेच थोराड असलेले, लहानपणापासून हळूहळू वाढलेले जड पैलवान वर्षानुवर्षं खेळतात, त्यांना हे लागू नाही. माझं भांडण झटपट चढवलेल्या वजनाशी आहे. मी डॉक्टर नाही, पायऱ्या उतरताना दुखतंय ते आधी दाखवून घे.

दाखवून झालं की तालमीत जा, 95 चा 85 व्हायची वाट बघत घरी बसू नकोस. पहिले दोन-तीन महिने फक्त पडायला शीक आणि बैठका अर्ध्याच मार. आणि पहिल्या दिवशी वस्तादांनी वजन विचारलं तर गुडघ्याचं आधी सांग मग वजन, नाहीतर 95 ऐकलं की सरळ 110 चा गडी अंगावर घालतील.