लिफ्टर पावसाळ्यात का उचलत नाही?

प्रश्न : व्हिडिओ पाहून बाल्सा लाकूड आणि ॲल्युमिनियम फॉइलचा त्रिकोणी लिफ्टर (उच्च व्होल्टेज दिलं की हवेत उचलली जाणारी हलकी चौकट; वर बारीक तार, खाली फॉइल) केला. बाजू २० सेंमी, वीज जुन्या रंगीत टीव्हीच्या ईएचटीची (पिक्चर ट्यूबला उच्च व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर). जानेवारीत वीतभर उचलायचा. जूनपासून नुसता सूंऽ आवाज येतो आणि लाकडावरून ठिणग्या पळतात. ईएचटी गेला का? (मालवण)

उत्तर : ईएचटीला एवढ्यात दोष देऊ नका, आधी लाकूड बघा. बाल्सा ओलावा धरतं आणि किनाऱ्यावर त्यावर मिठाचा थरही बसतो. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळतं, म्हणजे काडीवर खाऱ्या पाण्याची वाट तयार. २५ किलोव्होल्टला तेवढी पुरे होते. दमट हवेतून ठिणगी लवकर पडते असं सर्रास म्हणतात, पण वाफेने हवा उलट किंचित जास्तच तग धरते. गळती पृष्ठभागावरून होते. पहिल्या पावसाआधी खाडीकाठच्या खांबांवरचे इन्सुलेटर रात्री चरचरतात, ते याचमुळे.

खात्री करायची तर खोलीत पूर्ण अंधार करून लांबून पाहा. वरच्या बारीक तारेवर सलग, फिकट जांभळी कड दिसली तर वीज हवेतून जाते आहे. खांबकाड्यांवर सरपटणाऱ्या रेघा दिसल्या तर ती लाकडावरून जाते आहे. फॉइलच्या वरच्या काठावर ठिपके चमकत असतील तर तो तिसराच दोष : काठ चुरगळला आहे, तिथून उलट्या भाराचे आयन (विद्युतभार असलेले कण) सुटतात आणि जोर कापतात. फॉइलचा वरचा काठ काडीवरून गोल वळवून गुळगुळीत हवा. सुरकुती नखाने दाबू नका, पट्टी बदला.

चौकट नवीन केलेलीच बरी. २ मिमी चौरस काड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, हेअर ड्रायरने सुकवा, ड्रायर बंद करून पारदर्शक लॅकरचा एकच पातळ हात द्या. वास पूर्ण जाईपर्यंत वीज लावायची नाही, कारण लॅकरची वाफ ठिणगीने पेटते. मग सिलिका जेल घातलेल्या घट्ट डब्यात ठेवा. बाल्सा मिळत नाही म्हणून माडाचे हीर घेऊ नका, त्यांच्या वजनापुढे या यंत्राचं काही चालत नाही. फॉइल आणि तार धरून सगळं अडीच ग्रॅमच्या आत बसायला हवं. बांधायला सुती दोरा नको, तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) घ्या आणि तोही पुसून.

तार ४२ गेजची, म्हणजे साधारण ०.१ मिमी. जुन्या रिलेची कॉइल उलगडली की अशीच बारीक तार मिळते. इनॅमल खरवडून काढा. तार आणि फॉइल यांत अंतर ३ सेंमी, तिन्ही बाजूंना सारखं. एका कोपऱ्यात २ मिमीने कमी झालं तरी सगळ्या ठिणग्या तिथेच पडतात. प्रयोगाला थंडीतला सकाळचा अकराचा सुमार चांगला : ऊन चढून हवा सुकलेली असते आणि खारे वारे अजून सुटलेले नसतात.

प्रश्न : आमचे भौतिकशास्त्राचे सर म्हणतात, यात गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काही नाही, हा नुसता वारा आहे. व्हिडिओवाले म्हणतात, निर्वातातही चालतं. खरं कोणाचं? (दापोली)

उत्तर : सरांचं. अमेरिकी संशोधक टाउन्सेंड ब्राउन यांनी १९२८ साली ब्रिटिश पेटंट घेताना वेगळा दावा केला होता, पण २००४मध्ये नासासाठी झालेल्या चाचण्यांचा निष्कर्ष आयनांच्या वाऱ्याकडेच गेला. तारेपाशी तयार झालेले आयन फॉइलकडे धावताना हवेच्या रेणूंना खाली ढकलतात, यंत्र वर जातं. धन-ऋण टोकं उलटी जोडली तरी ते वरच जातं. अर्धवट निर्वातात भांडंभर जांभळा उजेड पडतो, त्याला पुरावा म्हणत नाहीत.

घरी पडताळायचं तर लिफ्टर ताजव्याच्या पारड्यावर काडीच्या घोडीला बांधा. तारा केसासारख्या, सैल. वीज दिली की पारडं हलकं होईल. आता पारड्यावरच घोडीसकट सगळं प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवा : वारा तळावर आपटतो आणि पारडं जागचं हलत नाही. डिजिटल काटा वापरू नका, एवढ्या व्होल्टेजजवळ तो वाट्टेल ते आकडे दाखवतो.

मात्र ‘नुसता वारा’ म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. २०१८ साली एमआयटीच्या चमूने याच वाऱ्यावर २.४५ किलोचं, ५ मीटर पंखांचं विमान बंद सभागृहात सुमारे ६० मीटर उडवलं, ४० किलोव्होल्टवर.

प्रश्न : भंगारात मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर मिळाला आहे. चालेल? (वेंगुर्ला)

उत्तर : अजिबात नाही. त्याचं व्होल्टेज सुमारे २,०००, म्हणजे लिफ्टरला लागतं त्याच्या दहावा हिस्साही नाही. करंट मात्र माणूस जागीच मारणारा. रंगीत टीव्हीचा ईएचटी १२ व्होल्ट बॅटरीच्या ड्रायव्हरवर (ईएचटीला चालवणारं सर्किट) चालवा, करंट १ मिलिअँपिअरच्या आत ठेवा. पिक्चर ट्यूब बंद टीव्हीतही भार धरून असते, म्हणून ईएचटी मेकॅनिककडून काढून घ्या. वीज बंद केल्यावर कोरड्या पीव्हीसी पाइपच्या टोकाला बांधलेली अर्थिंगची तार लिफ्टरच्या तारेला टेकवा, मगच हात लावा, तोही एकच. ओझोनचा उग्र वास आला की थांबून खिडकी उघडा. पेसमेकर असलेल्यांना खोलीत घेऊ नका.