टर्बो डिझेलच्या व्हॅक्यूम लाइनचा प्लास्टिक टी तुटलाय. चिकटवून चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोंड्यातली २०१५ची टर्बो डिझेल, चढावर ओढत नाही, इंजिनचा दिवा लागतो, ब्रेक मध्येच जड होतो. व्हॅक्यूम पंपाकडून (नळ्यांतली हवा ओढून घेणारा पंप) येणाऱ्या लाइनवरच्या प्लास्टिक टीची (तीन तोंडांचा जोड) एक नळी मोडलेली दिसली. मेकॅनिक म्हणतो एम-सील लावू, सर्व्हिस सेंटर म्हणतं पूर्ण पाइप सेट बदला.

एम-सील नको. पूर्ण सेटही बहुधा लागणार नाही.

आधी ब्रेकचं बघा. डिझेल इंजिनचा व्हॅक्यूम वेगळ्या पंपातून येतो. जाड लाइन ब्रेक बूस्टरला (पेडलला जोर देणारा डबा) जाते, बारीक फाटा सोलेनॉइडमार्गे (विजेवर उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरला (दांडा सरकवून टर्बो कमी-जास्त करणारा भाग). टी तुटला की हवा आत शिरते आणि दोन्हीकडचा व्हॅक्यूम पडतो. टर्बो मंदावला तर गाडी फक्त सुस्त चालते, ब्रेक जड झाला तर चोरला घाट उतरताना काय होईल ते सांगायला नको. तोवर गाडी गॅरेजपर्यंत न्यायचीच असेल तर टीचं टर्बोच्या फाट्याकडचं तोंड घट्ट बसणाऱ्या बोल्टने बंद करा आणि हळू चालवा. ब्रेककडे जाणारी लाइन मात्र कधीही बुजवू नका. टीचा मधला भागच तडकला असेल, किंवा फाटा बंद करूनही पेडल जड लागत असेल, तर गाडी टो करून न्या.

चिकटवणं टिकत का नाही? हे टी बहुतेक नायलॉनचे असतात, टर्बोच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून ठिसूळ झालेले. वरून तेलाचा पातळ थर, शिवाय इंजिनची थरथर. कुठलाही लेप काही दिवसांत तडकतो, आणि बाहेरून अखंड दिसत असतानाही आतून हवा ओढतो. मग दोष शोधणाऱ्याचा अख्खा दिवस जातो.

नवा टी घेण्याआधी जुना नीट न्याहाळा. काहींच्या एका नळीत सुईच्या छिद्राएवढा अडथळा मुद्दाम ठेवलेला असतो, त्याने टर्बोला मिळणारा व्हॅक्यूम हळू बदलतो. त्याजागी साधा मोकळा टी बसवला तर गाडी चालते, पण बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) झटक्याने येतो-जातो. काहींत एकदिशा व्हॉल्व्ह असतो: तोंडाने फुंकून पाहा, हवा एकाच बाजूने जायला हवी. तो नेमका त्याच दिशेने बसवा, बाण असेल तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. भंगारातला टी स्वस्त मिळेल, पण तोही तेवढाच भाजलेला असणार. पार्ट नंबरने नवा मागवा. फोंडा-मडगावात नसला तर बेळगावच्या दुकानातून येईल. साधा टी असेल तर त्याच मापाचा पितळी टीही चालतो. नळीचं बाहेरचं माप व्हर्नियरने घ्या, बारीक लाइनीत अर्ध्या मिमीनेही फरक पडतो.

काढताना ओढाताण करू नका. इंजिन थंड होऊ द्या आणि रबरावर गरम पाण्याचं फडकं मिनिटभर धरा. तरीही चिकटलेलं असेल तर पाइपाचं टोक ब्लेडने लांबीच्या दिशेने चिरून उकला. ओढलं तर शेजारची शाबूत नळीही मोडते, हे फार वेळा होतं. मोडका तुकडा पाइपात राहिला तर तो चिमट्याने बाहेर काढा, आत ढकलू नका. सोलेनॉइडकडे गेला तर तोही अडकतो.

पाइप नवा टाकणार असाल तर जाड भिंतीचा, तेल सोसणारा, व्हॅक्यूमसाठीचाच घ्या. काच धुणाऱ्या वॉशरची किंवा फिशटँकची नळी व्हॅक्यूमखाली चपटी होते. कंप्रेसरची निळी पीयू नळी इंजिनच्या उष्णतेने मऊ पडते. साधा सिलिकॉन दिसायला छान, पण पंपाकडून येणाऱ्या तेलाच्या वाफेने फुगतो. वरच्या क्लिपा स्टेनलेस घ्या, आपल्या खारट हवेत साध्या लोखंडी क्लिपा पावसाळाभरात गंजतात. आणि उंदरांनी कुरतडलंय का तेही बघा, पार्किंगमधल्या गाड्यांत त्यांचा वाटा कमी नसतो.

बसवल्यावर तपासणी. इंजिन बंद असताना ब्रेक पाच-सहा वेळा दाबा म्हणजे पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून धरा, इंजिन चालू करा: पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. मग दोन मिनिटं चालवून बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा दाबा. पहिले एक-दोन दाब मऊ लागले की बूस्टर व्हॅक्यूम धरून आहे.

टर्बोसाठी काटा असलेला व्हॅक्यूमचा हातपंप लावून अ‍ॅक्च्युएटरला थेट ५०० मिमी (पाऱ्याच्या) आसपास व्हॅक्यूम द्या. दांडा सलग सरकला पाहिजे, काटा मिनिटभर जागेवर राहिला पाहिजे आणि व्हॅक्यूम सोडल्यावर दांडा परत आला पाहिजे. काटा घसरला तर आतलं डायफ्राम फाटलंय, नव्या टीने काही होणार नाही. काटा थांबतो पण दांडा अडकतो, तर टर्बोच्या आतल्या पाकळ्यांवर काजळी बसलीय, ते काम टर्बोवाल्याकडेच. गळती शोधायला कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे) मारू नका, तापलेल्या टर्बोपाशी तो पेटतो.

शेवटी स्कॅनरने जुना दोषाचा कोड पुसा (बूस्ट कमी पडल्याचा बहुधा पी०२९९ असतो). काही गाड्या तो असेपर्यंत लिंप मोड (इंजिनने स्वतःहून ताकद कमी करणं) सोडत नाहीत, मग टी ठीक बसूनही चढावर तीच रडकथा.